ओटीतली लेकरं

खडकवाडी,
ता. ४ मार्च १९८७

श्री. आप्पासाहेब यांस,

बानाबाई सुईणीचा रामराम. पत्र शाळेतल्या मास्तरकडून लिहून घेऊ लागले. त्याला बजावलंय की मी बोलते तसंच लिही, शाना व्हऊ नको.

तुमची बहीण, आमची शिस्टरबाई, जिती हाय. तवा आधीच घाबरू नका. घाबरायचं पुढं हाय.

काल मंगळवारी शाळेच्या वट्ट्यावर लेकरांना टोचायचं होतं. बाया लेकरं घिऊन बसल्या होत्या. म्या नेहमीपरमानं लेकरांचे पाय धरायला शिस्टरपशी. दोन लेकरं टोचून झाली. मंग सांडूच्या सुनंनं आपलं लेकरू पुढं केलं, तर शिस्टरनं सुई खाली ठिवली. आधी तिचे हात कापू लागले, मंग समदं आंग. केस सुटले, डोळे फिरले, आन् अशी वरडली की मास्तर वर्गातून पळत आला. हे मास्तरला लिहायचं नव्हतं, म्या लिहायला लावलं. येकेका लेकराचं नाव घिऊन वरडू लागली की घिऊन जा आपापली लेकरं, माझ्यापशी ठिवू नका, घिऊन जा.

निम्म्या बाया लेकरं उचलून पळाल्या. ऱ्हायल्या त्यांनी पाय धरले. कुनी हळद-कुंकू लावलं, कुनी नारळ फोडला. गावात गोवर हाय, तवा समदे म्हनत्यात की गोवराची माताच शिस्टरच्या अंगात आली आन् लेकरांना सुईपासून लांब न्या मनून सांगून गेली. आता कुनी टोचून घ्यायला तयार नाय.

मास्तर म्हनतो फिट आली. म्या जलमभर बाळंतपणं केली. फिट बी बघितली आन् अंगात आलेलं बी बघितलं. हे त्यातलं कायबी नाय. काय हाय ते मला ठावं हाय, पर ते बाईमाणसानं बाईमाणसाला सांगायचं असतंय, मास्तरच्या हातून नाय. तवा तिच्या वैनीला लवकर धाडा.

लेकराबाळांना माझा हात लांबूनच डोक्यावर.

बानाबाई
(अंगठा तिचाच आहे. पत्र लिहिणार, मास्तर.)

---

चिकलठाणा, औरंगाबाद,
ता. ९ मार्च १९८७

चि. चतुरा हीस,

दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

बानाबाईचं पत्र मी कंपनीच्या गेटवर वाचलं आणि सायकल हातात धरून तिथंच उभा राहिलो. भोंगा झाला तरी आत गेलो नाही. पाळीवाले विचारू लागले की आप्पासाहेब, घरी कुणी गेलं का. काय सांगणार होतो त्यांना? माझी शिकलेली बहीण गावात घुमू लागली म्हणून सांगू?

अगं, तू! आशाच्या माहेरच्या भगताला भर दारात विचारणारी तू, की तुमच्या देवीला डांग्या खोकल्याचं औषध माहीत आहे का! तो बिचारा अंगारा न देताच निघून गेला होता आणि मी आठ दिवस सासऱ्यांसमोर मान वर केली नव्हती. आई गेल्यावर तुला मी नर्सिंगला घातलं तेव्हा भावकीनं तोंडं वाकडी केली. मी म्हणालो, आमची चतुरा गावोगावचं खूळ काढील. आणि आता तुझ्याच पायाशी नारळ?

सरकारी नोकरीचं काय होणार? वाळूजच्या स्थळाकडून परवाच निरोप आला होता की मुलगी बघून घेऊ. त्यांच्या कानावर हे गेलं तर? लोक काय म्हणतील याचा विचार तू कधी करत नाहीस, म्हणून मला एकट्याला दोघांचा करावा लागतो.

रागानं लिहितोय, पण रागापेक्षा धक्काच मोठा आहे. जेवतेस का? तापबीप आहे का? खरं काय ते कळव. तुझी वहिनी पिशवी भरून बसली आहे, मीच तिला थांबवलंय.

उलट टपाली उत्तर यावं. माया आहेच, ती रागाखाली झाकली आहे इतकंच.

तुझा,
दादा

---

खडकवाडी,
ता. १४ मार्च १९८७

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि.

तू रागावलास हे वाचून बरं वाटलं. इथं माझ्यावर कुणी रागावतच नाही, सगळे पाया पडतात.

काय झालं ते मला खरोखर माहीत नाही. सांडूच्या सुनेनं लेकरू पुढं केलं, इथवर आठवतं. डोळे उघडले तेव्हा कपाळावर कुंकवाचा लेप होता आणि पदरात नारळाची भकलं. मी काय बोलले ते मला बानाबाईकडून ऐकावं लागलं. आपल्याच तोंडातून आपल्याला न सांगता कुणी बोलून जावं, यापेक्षा भयंकर काय असणार? मला आता माझीच भीती वाटते.

डॉक्टरसाहेब जीप घेऊन आले होते. माणूस वाईट नाही. झोप लागते का म्हणून विचारलं, मी हो म्हणाले, त्यांनीही मान डोलावली. पळालेली सगळी लेकरं पुढच्या वेळी, म्हणजे सात एप्रिलला टोचून झालीच पाहिजेत, कारण गोवर आता पलीकडच्या वस्तीवर पोचला आहे. त्या दिवशी पुन्हा असं झालं तर ही नर्स कामाला योग्य नाही असं लिहून देणं त्यांना भाग पडेल. जाताना म्हणाले की नर्सच आजारी पडली तर कसं चालायचं. मीही स्वतःला तेच विचारत असते.

एक गंमत सांगते. ज्या बाया मला बघून दार लावून घेत, त्या आता सकाळपासून माझ्या दाराशी बसतात. कुणाला नवऱ्याची दारू सोडवायची आहे, कुणाला सून सुधारायची आहे. एकीची म्हैस दूध चोरते. त्या बाईलाच मी चांगला दम दिला, तर देवी आपल्यावर कोपली म्हणून ती खूश होऊन घरी गेली. हसावं की रडावं कळत नाही. रडू तर येतच नाही.

गेल्या महिन्यात गावात गोवरानं एक लेकरू गेलं. बिरू धनगराचं, मुंजाबा. लशीची खेप त्या महिन्यात पोचली नव्हती. असं होतं कधी कधी. आमच्या कामात ते धरूनच चालायचं असतं.

वहिनीला पाठवू नकोस, पाडवा तोंडावर आला आहे. मी जेवते. थकवा आहे, हिवताप असेल, रक्त तपासायला दिलं आहे. स्थळाचं तुला योग्य वाटेल ते कर.

वहिनीस नमस्कार, छबीस पापा. तुझ्या रागाची सावली अशीच असू दे.

तुझी,
चतुरा

---

खडकवाडी,
ता. २२ मार्च १९८७

श्री. छबीच्या बाबांस,

सा. न. वि. वि.

तुम्ही नको म्हणत असताना आले, याबद्दल घरी आल्यावर काय बोलायचं ते बोला. आधी हे पत्र नीट बसून वाचा. उभ्यानं वाचू नका.

दौलताबादहून पुढं एसटी मिळाली ती फाट्यापर्यंत, तिथून चालत. वन्सं दारात हसून उभ्या होत्या. मला तर ओळखूच आल्या नाहीत. पोलकं अंगावर नुसतं लोंबतंय. चहा झकास करतात, थट्टा करतात, माझ्या लठ्ठपणावर दोन वाक्यं बोलून झाली. मला वाटलं, चला, फार काही बिघडलेलं नाही.

पण सकाळी चहाही न घेता बाहेर पडल्या. मी मागोमाग गेले. ठरावीक घरांपुढं थांबायचं, बाहेरूनच विचारायचं की लेकरू बरं आहे का, आणि आतून व्हय असं आलं की पुढचं घर. मधली घरं सोडून द्यायच्या. अशी नऊ-दहा घरं, तीही चार वस्त्यांत विखुरलेली. माझी चप्पल तुटली. संध्याकाळी पुन्हा तोच फेरा. मी म्हणाले की याच घरांनी काय पुण्य केलंय, तर म्हणाल्या, ही माझी आहेत. मला वाटलं, कामाची वाटणी असेल. आणि अहो, एकाही लेकराला हात लावला नाही! तुमच्या बहिणीला रस्त्यानं जाणारं पोर उचलून घ्यायची सवय, ती हात पाठीमागे बांधून उभी राहते.

काल बानाबाईनं मला मेंढरांच्या वाड्याशी बसवून सगळं सांगितलं.

इकडं बायका दोन लेकरांवर कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला तयार होत नव्हत्या. सासवा म्हणत, असलेली दोन जगतील याचा भरवसा कोण देणार? वन्सं समजावून थकल्या. वरून दर महिन्याला विचारणा, इतकी कशी कमी, पगार थांबवू. मग बिरूच्या आईनं, वच्छलाबाईनं तोड काढली. ज्या घरात लेकरू जगत नाही तिथं ते देवाच्या ओटीत घालतात ना, म्हणजे लेकरू देवाचं, आपण फक्त सांभाळायचं, तसं तिनं नातू शिस्टरच्या ओटीत घालायचं ठरवलं. मूठभर ज्वारी, खोबऱ्याची वाटी आणि वर ते तान्हं. आजपासून हे तुझं, आम्ही दूध पाजणार, याच्या जिवाला काही झालं तर जाब तुझ्याकडं. वन्संना वाटलं, एवढ्यानं काम होतंय तर काय बिघडलं? त्यांनी पदर पसरला. दुसऱ्याच आठवड्यात बिरूची बायको लक्ष्मी ऑपरेशनला गेली.

मग काय, हीच रीत पडली. एका सासूनं केलं म्हणून दुसरीनं. गेल्या साली तालुक्याला सर्वांत जास्त ऑपरेशनं केली म्हणून वन्संचा सत्कार झाला, स्टीलचा डबा मिळाला, तुम्ही गल्लीत पेढे वाटले. ते पेढे याचे होते.

अहो, जिचं अजून लग्न व्हायचंय ती तुमची बहीण दहा लेकरांची आई होऊन बसली आहे. गावात कुणी खोकलं की हिचा जीव टांगणीला. आणि पहिलं ओटीत घेतलेलं तेच, मुंजाबा, गोवरानं गेलं. वन्सं त्या दिवशी गेल्या, घरात आणखी कुणाला ताप आहे का बघितलं, लक्ष्मीच्या मोठ्या मुलीला औषध दिलं आणि पुढच्या घरी गेल्या. डोळ्यांतून टिपूस नाही. त्यानंतर त्या घरची पायरी चढल्या नाहीत. बानाबाई म्हणते की अंगात कुठली माता आली नाही, मेलेल्या लेकराची आई आली. तिला रडायला जागा मिळाली नाही, मग वट्ट्यावरच रडली.

बानाबाईचं म्हणणं, जशी ओटीत घेतली तशी परत द्यायची. पाडव्याला मांडीवर एकेक लेकरू घ्यायचं आणि त्याच्या आईनं ते उचलून न्यायचं. वन्सं उसळल्या, म्हणाल्या की ही अंधश्रद्धा आहे, मी सरकारी नोकर आहे. मी म्हणाले की घेताना नव्हती का अंधश्रद्धा? तुम्हाला माहीत आहे, माझं शिक्षण सातवीपर्यंत, पण भांडणात मला कुणी हरवत नाही.

मी पाडव्याला येत नाही, इथंच राहते. गुढी तुम्ही उभारा, छबीला विचारा काठी कुठं आहे. आणि हात जोडून सांगते, पुढच्या पत्रात स्थळ, भावकी, लोक यांपैकी कुणालाही आणू नका.

तुमच्या मायेत उणेपणा नाही हे मी जाणते. ती माया वन्संनाही जाणवू दे.

आपली,
आशा

---

चिकलठाणा, औरंगाबाद,
ता. २७ मार्च १९८७

चि. चतुरा हीस,

दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आशाचं पत्र बसून वाचलं. बसलो ते बराच वेळ उठलो नाही. छबी पाणी घेऊन आली.

तुला कामाला लावलं तेव्हा मला वाटलं होतं की इंजेक्शन द्यायचं, गोळ्या वाटायच्या आणि पहिल्या तारखेला पगार घ्यायचा. त्या नोकरीत माणसाला इतकं काही अंगावर घ्यावं लागतं हे मला माहीत नव्हतं. विचारलंही नाही. तू गमतीची पत्रं लिहायचीस, मी गल्लीत वाचून दाखवायचो.

मोठ्या दवाखान्यात काम करणाऱ्या नर्सबाई आपल्या गल्लीत राहतात, त्यांच्याकडं गेलो. तुझं नाव घेतलं नाही, एका मुलीचं म्हणून सांगितलं. त्यांनी लगेच ओळखलं. म्हणाल्या की आप्पासाहेब, आमच्यात हे सगळ्यांना होतं, बोलत कुणी नाही. पण आम्ही एका वॉर्डात चौघी-पाचजणी असतो. एखादीचं पेशंट गेलं की दुसरी तिला चादरी ठेवायच्या खोलीत नेते, दार लावते, रडून घे म्हणते आणि तोवर तिचं काम बघते. मग त्यांनी विचारलं की त्या मुलीला अशी खोली आहे का. चार वस्त्यांना तू एकटी. मला त्यांच्यासमोरच हुंदका फुटला. बाप्या माणूस मी, आणि परक्या बाईंनी मला डोळे पुसायला आपला पदर दिला.

वाळूजला मीच कळवलं की मुलीला सध्या सवड नाही. भावकीला काही कळवलं नाही आणि कळवणार नाही.

बानाबाई सांगते तसं कर. नोकरी राहिली तर राहिली, नाही तर आपलं घर आहे. पण एक सांगतो. ती सोडायचीच असली तर तू सोड. कुणी तुला अयोग्य म्हणून काढलेलं मला सहन होणार नाही.

राग संपला आहे. उरलंय ते तुझंच आहे.

तुझा,
दादा

---

खडकवाडी,
ता. ८ एप्रिल १९८७

ती. दादास आणि ती. वहिनीस,

शि. सा. न. वि. वि.

दादा, आधी तुझा घोर मिटवते. काल टोचणी झाली. पळालेली सगळी लेकरं आली, पलीकडच्या वस्तीवरचीही आली. सांडूच्या सुनेनं लेकरू पुढं केलं तेव्हा पुन्हा हात कापू लागले. मला वाटलं, गेलं, आता सुई खाली पडते. बानाबाईनं लेकराचे पाय धरले होते, ती हळूच म्हणाली की कापू दे, टोच. मी टोचलं. पुढची सगळी लेकरं टोचेपर्यंत डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कुणी हळद-कुंकू काढलं नाही. बानाबाईनं बायांना आधीच बजावलं होतं की बाई रडू लागली तर रडू द्या, मधात देवी आणू नका. डॉक्टरसाहेब वट्ट्याच्या कडेला उभे राहून सगळं बघत होते. जाताना म्हणाले की सुट्टी पाहिजे असेल तर आधी सांगत जा. त्यांनी काहीही लिहून दिलं नाही.

पाडव्याचं वहिनीनं तुला सांगितलंच असेल, आणि तिच्या पद्धतीनं चांगलं तिखटमीठ लावून सांगितलं असेल. मी हट्टानं शेवटपर्यंत नाही नाही म्हणत होते, तिनं मला हाताला धरून वट्ट्यावर बसवलं. पहिलं लेकरू मांडीवर ठेवलं तेव्हा त्याच्या अंगाचा उबारा लागला. मुंजाबा गेल्यापासून एकाही लेकराला मी सुईशिवाय हात लावला नव्हता. एकेक आई पुढं आली आणि आपलं लेकरू उचलून घेऊन गेली. मी प्रत्येकीला सांगितलं की औषध मी देईन, रात्री-अपरात्री हाक मारलीस तर येईन, पण याच्या जिवाची हमी माझ्याकडं नाही, कधीच नव्हती. मला भीती होती की त्या उलटतील, ऑपरेशन करवून घेताना वेगळं बोलत होतीस म्हणतील. एक बाई म्हणाली की आम्हाला काय ठावं नव्हतं व्हय, पर कुनीतरी व्हय म्हनावं वाटतंय. आता ओटी घ्यायची नाही. ऑपरेशनं कमी होतील, वरून बोलणी बसतील, ती खाईन.

सगळी लेकरं परत गेली. एकच राहिलं होतं, ते परत देता येत नव्हतं.

टोचणीच्या आदल्या दिवशी, परवा, लक्ष्मीच्या घरी गेले. वहिनी, तू असतीस तर बरं झालं असतं असं वाटत होतं, पण हे एकटीनंच करायचं होतं. वच्छलाबाई दारात बसली होती. ज्या हातांनी तिनं नातू माझ्या पदरात ठेवला होता ते हात गुडघ्यांवर ठेवून तिनं माझ्याकडं बघितलं, उठली आणि वाट मोकळी केली. आत लक्ष्मी बाजरी निवडत होती. मुलगी तिच्या पाठीशी खेळत होती.

काय बोलायचं ते मी वाटेत पाठ केलं होतं. लशीची खेप आली नव्हती, गोवर छातीत उतरला होता, इतक्या लहान लेकराला ते झेपत नाही. त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं, आणि त्यातलं एकही तोंडातून बाहेर पडलं नाही. तिचं ऑपरेशन मी केलं होतं, म्हणजे करवलं होतं. तिला आता दुसरा मुंजाबा होणार नाही. ती मला शिव्या देईल, तळतळाट देईल, सूप फेकून मारील, या सगळ्याची मी तयारी करून गेले होते.

तिनं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली की तू बी त्याची आईच होतीस न्हं, मंग इतके दिस मला येकटीलाच काऊन रडू दिलंस?

दादा, मी तिथंच खाली बसले. तिनं मला जवळ ओढलं. उन्हं कलेपर्यंत आम्ही दोघी रडत होतो, आणि वच्छलाबाईनं बाहेरून दार ओढून घेतलं.

वडीलधाऱ्यांनी आशीर्वाद द्यावा, आणि अधूनमधून विचारत जावं.

तुमची,
चतुरा